बटणावर सुरू होणारी गाडी आणि शोरूममध्ये न शिकवलेला धडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चावी खिशात ठेवायची, दाराच्या मुठीवरचे छोटे बटण दाबून कुलूप उघडायचे आणि ब्रेकवर पाय ठेवून डॅशबोर्डवरचे गोल बटण दाबायचे. ही सोय पूर्वी मोठ्या गाड्यांपुरती होती. आता बऱ्याच हॅचबॅकच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ती मिळते आणि २०२३ पासून अ‍ॅक्टिव्हा स्कूटरच्या एका प्रकारातही आली आहे. नवी गाडी ताब्यात घेताना हार, नारळ, पेढे, फोटो सगळे यथासांग होते. पण चावीतला सेल बसला तर गाडी सुरू कशी करायची, हे कुणी दाखवत नाही. मग भर रात्री टोइंगवाल्याला फोन जातो आणि शंभराच्या आतल्या सेलपायी हजारांत पैसे मोजावे लागतात. पैसे जातात हे ठीक, काही चुका जिवावर बेततात. ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात रोज समोर येणाऱ्या या गोष्टी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. जागा मिळावी.

आधी यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे पुढचे पाठ करावे लागणार नाही. गाडीच्या दारांत, डिकीत आणि आत केबिनमध्ये छोटे अँटेना असतात. मुठीवरचे बटण दाबले की ते सुमारे १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतात. ही हाक जेमतेम मीटर-सव्वामीटर पोचते. ती ऐकून खिशातली चावी जागी होते आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर देते. या उत्तरासाठी चावीतला सेल लागतो. याशिवाय चावीत एक बारीक चिप असते, तिला सेल लागतच नाही. स्टार्ट बटणाभोवतीच्या कॉइलजवळ चावी नेली की तिथूनच त्या चिपला वीज मिळते आणि गाडी तिला ओळखते. सेल संपलेल्या चावीनेही गाडी सुरू होते ती या चिपमुळे, आणि नेमके हेच बहुतेक मालकांना माहीत नसते.

गाडी दाद देत नसेल तर आधी ठरवायचे की सेल चावीचा गेला की गाडीची बॅटरी बसली. लोक इथे हमखास गोंधळतात. चावीच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवला की आतून पत्र्याची साधी किल्ली निघते. चालकाच्या दाराला तिचे भोक असते. काही गाड्यांत ते मुठीच्या टोकावरच्या प्लास्टिकच्या टोपीखाली दडवलेले असते. टोपीच्या खालच्या बाजूच्या खाचेत किल्लीचे टोक घालून ती अलगद वर उचलायची. या किल्लीने दार उघडल्यावर काही गाड्या भोंगा वाजवून गल्ली गोळा करतात. घाबरू नये, गाडीने चावी ओळखली की भोंगा थांबतो. आत बसून बटण दाबा. डॅशबोर्ड उजळला आणि ‘चावी सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर दोष चावीच्या सेलचा. डॅशबोर्ड मेलेला किंवा मिणमिणता असेल, आतला दिवाही लागत नसेल, तर गाडीची बारा व्होल्टची बॅटरी बसली आहे. मग चावी कितीही घासली तरी उपयोग नाही, जंप स्टार्टच हवा, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू करणे. इलेक्ट्रिक गाडीलाही ही बारा व्होल्टची बॅटरी असतेच, तेव्हा ‘चार्ज तर नव्वद टक्के होता’ या तक्रारीला अर्थ नाही.

सेल चावीचाच गेला असेल तर ब्रेक (गिअरची गाडी असेल तर क्लचही) पूर्ण दाबा आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवा. ह्युंदाई आणि किया यांच्या बहुतेक गाड्यांत थेट चावीनेच बटण दाबायचे असते. टोयोटात चावीची बोधचिन्हाची बाजू बटणाला लावायची, पीप असा आवाज आला की लगेच बटण दाबायचे. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत चावीची लॉक बटणाची बाजू टेकवतात. काही परदेशी गाड्यांत चावी ठेवायची जागा कन्सोलमध्ये किंवा कप होल्डरच्या तळाशी असते. आपल्या गाडीची जागा पुस्तिकेत बघून घ्या आणि घरातल्या प्रत्येक चालकाला एकदा प्रत्यक्ष करायला लावा. सराव सोपा आहे. चावीतला सेल काढून ठेवा आणि गाडी सुरू करून बघा.

कोकणपट्टीत आणि मुंबईच्या समुद्रकाठच्या वस्त्यांत आणखी एक घोळ होतो. पत्र्याची किल्ली वर्षानुवर्षे वापरली जात नाही, खाऱ्या हवेने कुलपाचा आतला भाग गंजतो आणि गरजेच्या वेळी किल्ली फिरत नाही. जोर लावला की आतच तुटते. पावसाळ्याआधी आणि नंतर कुलपात ग्रॅफाइटची पूड मारून किल्ली चार-पाचदा फिरवावी. तेल घालू नये, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

सेल बदलणे हे घरचे काम आहे. बहुतेक चाव्यांना सीआर २०३२ लागतो, काहींना सीआर २०२५ किंवा २४५०. आकडे उगीच नसतात. २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २०३२ च्या जागी २०२५ बसतो, पण सैल राहतो आणि गाडी खड्ड्यात आदळली की संपर्क तुटतो. आपल्या रस्त्यांवर म्हणजे रोजच. पत्र्याची किल्ली काढल्यावर तिथे दिसणाऱ्या खाचेत कापड गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून पिळा, कवच दोन भागांत उघडते. जुन्या सेलची अधिक खूण वर होती की खाली, ते काढण्याआधी बघा, मोबाइलवर फोटो घेतलेला बरा. नवा सेल कडांनी धरा, सपाट बाजूला बोटे लावू नका. कवच मिटताना कडेचा रबर जागेवर आहे ना ते बघा, पाणी शिरते ते तिथून. सेल बदलला म्हणून चावी पुन्हा प्रोग्रॅम करावी लागत नाही. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर दुसरीकडे जा. नव्या सेलचे व्होल्टेज तीनच्या थोडे वर असते. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसले तर तो बदलण्याच्या लायकीचा. गाडी पूर्वी पाच पावलांवरून रिमोटला दाद द्यायची आणि आता दाराशी गेल्यावर देते, हीसुद्धा तीच सूचना.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. उलटी काढायच्या फंदात न पडता मुलाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि सेल गिळल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे.

सेल चांगला, बॅटरी चांगली आणि तरी इंजिन उठत नाही, अशीही कारणे आहेत. गिअरच्या गाडीत क्लच तळापर्यंत गेल्याशिवाय त्याचा स्विच लागत नाही. बाजारातले जाड थ्रीडी-सेव्हनडी मॅट पेडलच्या खाली येते आणि शेवटचा अर्धा इंच अडवते. मालक सेल बदलतो, बॅटरी तपासतो, शेवटी कळते की मॅट काढले की गाडी सुरू. ब्रेकचेही असेच. उभ्या गाडीत मुलांनी दोन-तीनदा पेडल दाबले की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखे कडक होते आणि हलक्या पायाने स्विच लागत नाही. तिथे पाय नेटाने दाबायचा. तरीही नाही झाले तर कुणाला तरी मागे उभे करून ब्रेक लाइट लागतात का ते बघा. लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेला आहे. अशा वेळी ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच गाड्यांत बटण अ‍ॅक्सेसरीच्या स्थितीत (इंजिन बंद, रेडिओ चालू) असताना ते दहा सेकंद दाबून धरले की इंजिन सुरू होते. गॅरेज गाठण्यापुरता हा मार्ग ठीक, पण ब्रेक लाइट नसलेली गाडी हायवेवर नेऊ नये.

चाक फुटपाथला टेकवून गाडी लावली असेल तर स्टिअरिंगचे कुलूप ताणाखाली अडकते. बटणाचा दिवा हिरवा लुकलुकतो आणि पुढे काही होत नाही. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा, सुटते.

काही वेळा दोष आपल्याच खिशात असतो. चावी आणि मोबाइल एकाच खिशात, चावी लॅपटॉपला चिकटून, चावी वायरलेस चार्जरच्या शेजारी. १२५ किलोहर्ट्झची ती क्षीण हाक या गोंगाटात बुडते. स्वस्तातला डॅशकॅमचा अडॉप्टर किंवा बाहेरून बसवलेले एलईडी दिवेही हा उपद्व्याप करतात, प्रसारण मनोऱ्यांच्या आसपासही होतो. चावी बाजूला काढून हातात धरा, जमले नाही तर बटणाला टेकवा.

आता त्या चुकीबद्दल, जी नवरा-बायको मिळून करतात. तो गाडी चालवत विमानतळावर येतो, इंजिन चालू ठेवून उतरतो, बॅग घेऊन आत जातो. ती चालकाच्या जागेवर बसून निघते. चावी त्याच्या खिशात, तो सुरक्षा तपासणीच्या पलीकडे. गाडी पीप-पीप करते, डॅशबोर्डवर इशारा येतो, पण मागचे हॉर्न वाजवत असतात, लक्ष कोण देणार? इंजिन मात्र चालूच राहते. हा बिघाड नव्हे. चालत्या गाडीत चावीचा सेल संपला म्हणून द्रुतगती मार्गावर इंजिन बंद पडू नये, यासाठी ती मुद्दाम केलेली रचना आहे. अडचण होते ती वाटेत भाजी घ्यायला थांबून इंजिन बंद केल्यावर. मग गाडी तिथेच. म्हणून इशारा दिसला की इंजिन बंद न करता परत फिरावे, ते शक्य नसेल तर दुसरी चावी जिथे आहे तिथे थेट जावे. वॅले पार्किंगलाही हाच प्रकार घडतो. चालकाची जागा बदलली की चावी हातातून हातात गेली पाहिजे, ‘गाडीतच असेल’ यावर जाऊ नये.

याच्या उलट चूक जास्त घातक. जुन्या गाडीत चावी फिरवून काढल्याशिवाय माणूस उतरत नसे, म्हणून इंजिन बंद झाल्याची खात्री आपोआप होई. आता तो खटका उरला नाही. पेट्रोलची इंजिने अतिशय शांत आहेत. स्ट्राँग हायब्रिडमध्ये (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत) तर गाडी उभी राहिली की इंजिन स्वतःच थांबते, माणसाला वाटते बंद झाली, तो उतरतो आणि पुढे बॅटरी उतरली की इंजिन आपण होऊन सुरू होते. जागा बंदिस्त असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. अमेरिकेत घराला जोडून असलेल्या गॅरेजमध्ये चालू राहिलेल्या अशा गाड्यांमुळे झोपेत माणसे गेली आहेत. त्यानंतर टोयोटाने तिथल्या २०२० च्या मॉडेलपासून ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद करण्याची सोय देण्याचे जाहीर केले आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात यासाठी नियम करण्याची तरतूद झाली. न्यू जर्सी, टेक्सासकडे मुलांकडे राहायला जाणाऱ्या आपल्या आई-वडिलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, त्या घरांत गॅरेजचे दार स्वयंपाकघरालगत उघडते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तिथे बेडरूमजवळ असायलाच हवा. आपल्याकडे अशी घरे थोडी, पण शटरची बंद गॅरेजे आणि वर राहती खोली असे बंगले गावोगाव आहेत. उतरण्यापूर्वी डॅशबोर्ड पूर्ण काळा झाला का ते बघा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकमध्ये ‘रेडी’चा दिवा विझला का, एवढेच बघायचे.

त्यातच ऑटोमॅटिकचा एक बारकावा. गिअर ‘पी’वर (पार्किंग) न टाकता बटण दाबले तर बऱ्याच गाड्या पूर्ण बंद होत नाहीत, अ‍ॅक्सेसरीवर थांबतात. माणूस निघून जातो, सकाळी बॅटरी बसलेली. उतारावर ‘डी’त किंवा न्यूट्रलमध्ये राहिलेली गाडी घरंगळते ते वेगळेच. क्रम पक्का असावा: ब्रेक, हँडब्रेक, ‘पी’, मग बटण. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२६ सांगते की चालकाच्या जागेवर परवानाधारक नसेल तर सार्वजनिक जागी उभ्या वाहनाचे यंत्र बंद आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा ते आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. बटणाच्या गाडीला यातून सूट नाही.

धावत्या गाडीत इंजिन बंद करायची वेळ आली, उदाहरणार्थ अ‍ॅक्सिलरेटर मॅटखाली अडकला, तर बटण एकदा दाबून काही होणार नाही. घाबरलेला माणूस एकेक टिचकी मारत बसतो. आधी ब्रेक जोरात दाबून ठेवा, पंप करू नका. गिअर न्यूट्रलला टाका, बहुतेक वेळा तेवढ्यात गाडी आवरते. नाहीच जमले तर बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. बऱ्याच गाड्यांत लागोपाठ तीनदा दाबले तरी चालते. नंतर स्टिअरिंग जड होईल, ब्रेकला जोर लागेल.

चावी आत आणि दार बंद, हे होणार नाही असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो. बहुतेक वेळा खरेही असते, गाडी चावी ओळखून कुलूप लावायला नकार देते. पण चावी स्टीलच्या डब्यात, डिकीतल्या पत्र्याआड, दाराच्या कप्प्यात किंवा डॅशबोर्डच्या वर असेल, किंवा सेल अशक्त असेल तर अँटेनाला ती दिसत नाही. शिवाय रिमोटने उघडून कोणतेच दार उघडले नाही तर साधारण तीस सेकंदांत कुलपे पुन्हा लागतात. मूल आत बसवून चावी सीटवर टाकून दार लोटणे म्हणजे विषाची परीक्षा. उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढते. असे झाले तर दुसऱ्या चावीची वाट बघत बसू नका. मुलापासून सगळ्यात लांबची कडेची काच कोपऱ्यात हातोडीने फोडा. पुढची काच दोन थरांची असते, तिच्यावर वेळ घालवू नका.

पावसाची आणि धुण्याची गंमतही सांगण्यासारखी आहे. स्पर्शाने चालणाऱ्या मुठीला पाणी आणि बोट यातला फरक कळेलच असे नाही. सोसायटीत गाडी धुणारा पाइप मारतो, मालक चावी खिशात घेऊन शेजारी उभा, आणि कुलपे उघडतात-लागतात, आरसे मिटतात-उलगडतात. चावी दोन-तीन मीटर लांब ठेवली की थांबते. घरातही चावीची खुंटी गाडीपासून भिंतीपलीकडे मीटरभर असेल तर काही गाड्यांत दोघी रात्रभर बोलत राहतात आणि दोन्हीकडची बॅटरी उतरते. चावी वॉशिंग मशिनमधून फिरून आली तर बटण दाबून बघू नका. सेल ताबडतोब काढा, कवच उघडा, आतली सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पंख्याखाली दिवसभर वाळू द्या. तांदळाच्या डब्यात पुरल्याने भुकटी मात्र शिरते.

चोरीबद्दल. घराच्या दाराशी एक जण अँटेना घेऊन, दुसरा गाडीशी. गाडीची हाक घरातल्या चावीपर्यंत लांबवायची आणि उत्तर परत आणायचे. जर्मनीच्या एडीएसी या वाहनचालक संघटनेने २०१६ पासून अशा चाचण्या घेतल्या आणि तपासलेल्या बहुतेक गाड्या उघडून दाखवल्या. आपल्याकडे काच फोडून किंवा कुलूप उचकटून, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गॅरेजवाले बिघाड तपासायचे यंत्र जोडतात तो) टॅब्लेट लावून कोरी चावी जोडून घेण्याची पद्धत जास्त दिसते. पहिल्यावर उपाय म्हणजे चावी दारालगत न ठेवता घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणे. डबा चालतो का हे बघायचे तर चावी त्यात घालून गाडीशेजारी उभे राहा आणि मुठीचे बटण दाबा, उघडली तर डबा निकामी. टोयोटाच्या अनेक चाव्यांत लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबले की चावी झोपते, दिवा चारदा लुकलुकतो. दुसऱ्या पद्धतीला ओबीडीचे कुलूप आणि जुन्या धर्तीचा स्टिअरिंग लॉक हाच उतारा.

गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा दुसरी चावी ‘कुठेतरी आहे’ हे उत्तर चालत नाही. एक चावी हरवली तर पोलिसांत नोंद करा आणि उरलेली घेऊन अधिकृत केंद्रात जा. हरवलेली चावी गाडीच्या स्मृतीतून पुसून घ्या, नवी करण्याचे नंतर बघता येईल. जुनी गाडी घेताना तर स्कॅनरवर किती चाव्या नोंदलेल्या आहेत हे पाहूनच पैसे द्यावेत. हातात दोन आणि नोंदी तीन, असे असेल तर तिसरी कुणाच्या तरी खिशात आहे.

यात वाहनधारकाचे अज्ञान आहे, पण ते कुणी दूर करत नाही हा माझा मुद्दा आहे. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, ती कप्प्यात पडून राहते. गाडी इथे विकायची तर निदान या दोन-चार पानांचा मराठी मजकूर चावीसोबत द्यायला काय हरकत आहे? इंजिन आपोआप बंद होण्याची सोय परदेशी ग्राहकाला देता येते तर इथल्या गाड्यांतही सर्रास द्यावी, आणि परिवहन खात्याने ती आवश्यक करावी. मोटार ड्रायव्हिंग स्कूलची बहुतेक शिकवणी अजून फिरवायच्या चावीच्या गाडीवर होते, तिथे अर्धा तास बटणासाठी राखावा. आणि गाडी ताब्यात घेताना सही करायचा जो कागद असतो, त्यात स्टेपनी, जॅक, टूलकिटच्या खाली एक ओळ वाढवावी: ‘सेल काढलेल्या चावीने गाडी उघडून व सुरू करून दाखवली’. ग्राहकांनी तोवर पेनचे टोपण काढू नये.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, चिंचवड